मोठा आकडा

“मॅडम, मोठा आकडा कुठी भेटते जी?”

बी. ए. द्वितीय वर्षाचा तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तेव्हा मी क्षणभर गोंधळले. ‘आकडा’ हा शब्द आपल्याकडे भलताच अनेकार्थी आहे. तो लागतो, म्हणजे मटक्यात लागतो. तो टाकतात, म्हणजे विजेच्या तारेवर टाकतात. आणि तो फुगवतात, म्हणजे वार्षिक अहवालात फुगवतात. यांपैकी कोणताही आकडा कोठे ‘भेटतो’ हे मराठीच्या प्राध्यापिकेला विचारण्याचे कारण नव्हते. शेवटच्या बाकावर बसणारा, तासाला नियमित येणारा आणि क्वचितच तोंड उघडणारा हा मुलगा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून, काम न मिळाल्यामुळे कला शाखेकडे आलेला. त्याला कॉलेजच्या कामाने नागपूरला वारंवार जाणारे कोणीतरी हवे होते, आणि ते काम त्या वर्षी माझ्याकडे होते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. निदान तेव्हा तरी मला तसे वाटले.

त्याला हवा असलेला आकडा असा होता : फूटभर उंच, लाल, भर दिवसा शेताच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येईल असा, आणि विजेवर क्षणाक्षणाला बदलणारा. तेही चार हवेत. दोन सेकंदांचे आणि दोन सेकंदाच्या शतांशांचे. त्याचे वडील शंकरपटातले धुरकरी. पटाची वेळ दाखवणारा फळा त्याला स्वतःच्या हाताने बनवायचा होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. मुंबई-कोलकाता महामार्गावर आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर वसलेले. आजूबाजूला धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. धान घरात आले की या झाडीपट्टीत मंडईचे, नाटकांचे आणि पटांचे दिवस सुरू होतात. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा अनेक गावांचा शिरस्ता. पट म्हणजे बैलजोडीची शर्यत. पण ज्या पटांत मी वाढले, त्यांत खरी स्पर्धा शेजारच्या जोडीशी नसून घड्याळाशी असते. जोडी सुटते, धावते, रेषा ओलांडते, आणि तिला किती वेळ लागला तो आकडा पुकारला जातो. दिवसभरात धावलेल्या जोड्यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो पहिला. डोळ्यांसमोर कोण पुढे गेले ते पटात दिसत नाही. सकाळी नऊ वाजता धावलेली जोडी आणि दुपारी चार वाजता धावलेली जोडी यांची गाठ पडते ती फक्त कागदावर. म्हणून पटात आकड्याला जेवढे महत्त्व, तेवढे बैलांनाही नसावे.

मध्यंतरी हे सगळे थांबले होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यती प्रत्यक्ष सुरू होण्यास १६ डिसेंबर २०२१ ची अंतरिम परवानगी यावी लागली. पुढे १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यतीच्या बऱ्यावाईटाचा हा लेख नव्हे. त्या बाबतीत माझे मन आजही निःशंक नाही, हे मात्र सांगून ठेवते.

तर, त्या मुलाचा प्रश्न ऐकून मी “बघते” म्हणाले आणि घरी आले. घरी आल्यावर लक्षात आले की हा प्रश्न मला आधी कोणीतरी विचारायला हवा होता. पंचवीस वर्षे आधी.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आसपासच्या पटांत वेळ घेण्याचे काम त्यांच्याकडे असे. ‘घडीवाले गुरुजी’ म्हणून त्यांना ओळखत. त्यांच्याकडे चावीचे, गोल, पांढऱ्या तबकडीचे स्टॉपवॉच होते. त्या तबकडीवर प्रत्येक सेकंदाचे पाच भाग केलेले होते. म्हणजे त्या घड्याळाला एक पंचमांश सेकंदापेक्षा लहान काही दिसतच नसे. साहजिकच दोन-दोन, तीन-तीन जोड्यांची वेळ सारखी येई, आणि बक्षीस विभागून दिले जाई. विभागून दिलेल्या बक्षिसाबद्दल कोणी कुरकुरल्याचे मला आठवत नाही. घड्याळाला जे दिसत नाही ते माणसांनीही पाहायचे नाही, असा काहीसा समजूतदारपणा त्यात होता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका गावच्या मंडळाने हौसेने नवे, बॅटरीवर चालणारे स्टॉपवॉच आणले. त्यावर सेकंदाचे शंभर भाग दिसत. बाबांनी ते हातात घेतले आणि त्याच दिवशी भांडण झाले. पहिल्या दोन जोड्यांत सात शतांशांचा फरक आला. आमच्याकडे शतांशाला ‘पॉइंट’ म्हणतात. सात पॉइंटांनी एक जोडी हरली. घड्याळ बाबांच्या मुठीत. आकडा त्यांनी पाहिला, त्यांनी वाचला, कागदावर त्यांनीच लिहिला. दुसऱ्या कोणी तो पाहिलेला नव्हता, आणि पुढच्या जोडीसाठी घड्याळ शून्यावर आणले की तो आकडा जगातून नाहीसा होणार होता. “गुरुजीचा अंगठा इकला,” असे गर्दीतून कोणीतरी म्हणाले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि तेथेच, बायकांच्या घोळक्यात, उभी होते. बाबांनी उत्तर दिले नाही. घड्याळ मंडळाच्या टेबलावर ठेवले आणि ते घरी आले. नंतर पुष्कळ गावांची बोलावणी आली, पण ते पुन्हा कधी पटात उभे राहिले नाहीत. २०१६ साली ते गेले, तेव्हा पटच बंद होते. चावीचे घड्याळ पेटीत राहिले.

त्यांचा अंगठा विकलेला नव्हता, याची मला खात्री आहे. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे, हे मुलगी म्हणून मला फार बोचत आले आहे.

असो. आकड्याच्या शोधाकडे वळते.

गोंदियाच्या दुकानदाराने अर्ध्या इंचाचा आकडा काउंटरवर ठेवला आणि “याहून मोठा मागवावा लागेल” असे सांगितले. नागपूरला सीताबर्डीत बरेच फिरल्यावर मला सव्वादोन इंचांहून थोडा मोठा असा आकडा मिळाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याहून मोठे मिळतात, असे तेथे सांगण्यात आले. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्या कोणाही मराठी माणसाच्या बोलण्यात हा रस्ता पंढरीच्या वाटेसारखा येतो. मी चार आकडे घेऊन आले. मुलाने ते पाच व्होल्टांच्या जोडणीला लावले, आणि ते पेटलेच नाहीत. मला वाटले, फसवले. तो म्हणाला, “नाही मॅडम, ह्याच्यात एका पट्टीत चार दिवे माळेसारखे ओवले आहेत.” एका लाल एलईडीला उजळायला सुमारे दोन व्होल्ट लागतात, चार एकापाठोपाठ असले तर आठाच्या घरात. पाच व्होल्टांत ती माळ पेटणारच नाही. त्याने बारा व्होल्ट दिले, मध्ये योग्य तो रोधक घातला, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाल आठ उमटला. तो आठ घेऊन आम्ही मागच्या बांधीत गेलो. साठ-सत्तर पावलांवरून तो आठ आहे की शून्य, हे मला सांगता येईना. भर उन्हात तर तो पेटला आहे की नाही हेच कळेना.

आकडा मोठा करण्याची ही अडचण मुळापासूनची आहे, असे पुढे वाचनात आले. सरळ पट्ट्या पेटवून-विझवून दहाही अंक दाखवायचे, ही कल्पना एलईडीपेक्षा पुष्कळ जुनी. अमेरिकेत फ्रँक वुड याने १९०८ साली अशा आठ पट्ट्यांच्या आकड्याचे पेटंट मागितले होते. चारसाठी त्याने एक तिरपी पट्टी जास्त ठेवली होती. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. तो इतका महाग आणि त्याचा स्फटिक इतका लहान की, १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या खिशातल्या गणनयंत्रात प्रत्येक आकड्यावर इवलेसे भिंग बसवावे लागले. म्हणजे आकडा मोठा करणे शक्य नव्हते, म्हणून तो मोठा भासवला. स्वस्त झाला तरी एक एलईडी म्हणजे शेवटी एक ठिपकाच. मोठा आकडा हवा तर ठिपके वाढवायचे. दुसरा मार्ग नाही.

ते ठिपके आम्हांला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळाले नाहीत. मिळाले रोषणाईच्या दुकानात. लग्नाच्या मांडवाला, गणपतीच्या मखराला लावतात ती चिकटपट्टीसारखी एलईडीची पट्टी. पाच मीटरची गुंडाळी, बारा व्होल्टांवर चालणारी, मीटरला साठ दिवे, आणि दर पाच सेंटिमीटरवर कापण्याची खूण. तीन तुकड्यांएवढी, म्हणजे पंधरा सेंटिमीटरची एक पट्टी. अशा सात पट्ट्यांचा एक आकडा. एका आकड्याला एकशे पाच सेंटिमीटर, चार आकड्यांना चार मीटर वीस. एका गुंडाळीत चारही बसले आणि वर दशांशचिन्हापुरते उरले. मुलाने हा हिशोब माझ्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर केला. तो अजून तेथे आहे.

पहिली गुंडाळी आम्ही चुकीची आणली. जाड दिव्यांची, जास्त प्रखर. तिच्या एका पट्टीला सुमारे एकशे ऐंशी मिलिअँपिअर लागत, सातही पेटल्या की सव्वा अँपिअर. आणि पट्ट्यांची उघडझाप करणारी चिप इतकी तापली की तिच्यावर बोट ठेववेना. मग साध्या दिव्यांची पट्टी आणली. ती एका पट्टीला साठच मिलिअँपिअर घेते. ‘८८.८८’ असे सगळे पेटवले तरी पावणेदोन अँपिअरच्या आत, आणि तेवढे ट्रॅक्टरची बॅटरी सहज पुरवते. प्रखरता कमी झाली ती भरून काढायला फळ्याला मंद काळा रंग दिला आणि वरून टोपीसारखा पत्रा पुढे काढला. आकडा उजळण्यापेक्षा त्याच्या भोवतालचे काळे करणे जास्त उपयोगी पडते, हे मला तेव्हा कळले. या वेळी शेताच्या टोकावरून आठ तो आठ आणि शून्य तो शून्य दिसला.

याच टप्प्यावर माझ्यातल्या मराठीच्या प्राध्यापिकेने डोके वर काढले. फळा आपण बनवतो आहोत, पट्टी आपण कापतो आहोत, तर आकडे इंग्रजी का? देवनागरी का नाहीत?

मुलगा म्हणाला, “काढून द्या मॅडम, मी लावतो.” त्या रात्री कागदावर सात पट्ट्या आखून मी देवनागरी अंक बसवायला घेतले. शून्याची अडचण नव्हती. ३ जवळपास जसाच्या तसा बसला. त्याला उलटा केला की ६ झाला. फक्त तो इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखा दिसू लागला. वरची पट्टी विझवली आणि बाकी सगळ्या पेटवल्या की ४ ओळखू येतो. पण १? वर गाठ आणि खाली उतरणारी रेघ. पट्ट्यांत तो काढला की नेमका इंग्रजी नऊ झाला. ५ काढला, तो हुबेहूब इंग्रजी चार. आपला ९ काही केल्या १ पासून वेगळा होईना. २ ची वेलांटी आणि ७ चे वळण सरळ काठ्यांत मोडून गेले. सात पट्ट्यांच्या एकशे अठ्ठावीस जुळण्या होतात, त्यांतल्या दहाच आपल्याला हव्यात. आणि तरी त्या दहांत आपली लिपी मावत नव्हती.

वर्गात आम्ही सोस्यूर शिकवतो. भाषेत चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगभूत रूपात नसून इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या भेदात असते, हे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. त्या रात्री ते मला पहिल्यांदा हाताला लागले. माझा १ स्वतःपुरता ठीक होता. पण तो ज्यांच्या शेजारी उभा राहणार, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जे नऊ आणि चार आधीच बसलेले, त्यांच्यापासून तो वेगळा राहत नव्हता. आणि पटात एकाला नऊ वाचले जाणे ही काही चिन्हमीमांसेची गंमत नव्हे. त्यातून डोकी फुटतात.

मार्ग अगदी नव्हताच असे नाही. ठिपक्यांचे तयार पटल मिळते. बत्तीस बाय सोळा दिव्यांचे. त्यावर देवनागरी अंकच काय, अक्षरेही सुरेख उमटतात. पण एका पटलावरचा अंक जेमतेम सहा इंच. फूटभर उंचीसाठी अशी पटले एकावर एक, शेजारी शेजारी लावावी लागली असती. आमच्या खर्चात ते बसत नव्हते.

मी खट्टू झाले होते, हे खरे. मग थोडे वाचले, थोडे आठवले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आपण सर्वांनी निदान नावाने ऐकलेला असतो. तिने केलेल्या यज्ञांत दान दिलेल्या गायी आणि कार्षापणे किती, ते त्या लेखात ब्राह्मी अंकांत कोरले आहे. ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो, त्यांचे पूर्वज अशा लेखांतून दिसतात. तेथून पुढे ते भारतभर, अरबांकडे आणि युरोपात गेले. वाटेत त्यांची रूपे बदलली. आपली राज्यघटना तर त्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असेच म्हणते, अनुच्छेद ३४३ मध्ये. संविधानसभेत १९४९ साली अंक नागरी की आंतरराष्ट्रीय यावर झालेला वाद राजभाषेच्या वादाइतकाच तापला होता, आणि तो मुन्शी-अय्यंगार तोडग्याने मिटवावा लागला. म्हणजे मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर करत होते ते भांडण माझ्या आधी फार मोठ्या माणसांनी केलेले होते.

शेवटी मुलाच्या वडिलांना विचारले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. मला वाटले, मराठी अंक हवेत असे निदान ते तरी म्हणतील. त्यांनी माझा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “मोबाईलवर तेच आकडे वाचतो जी आमी. आकडा कोनाच्या मुठीत नसला पायजे, बस.”

या वाक्यावर मी काही बोलू शकले नाही. त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट ठाऊक होती की नाही, ते मी विचारले नाही.

शिवाय एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. फळ्यावरचा आकडा मुका असतो. तो वाचला जातो मराठीतच. लाउडस्पीकरवरचा माणूस ‘दहा, चव्वेचाळीस’ असेच पुकारणार. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. अंकांच्या आकारावरून एवढा गदारोळ झाल्याचे मला आठवत नाही. आपली अंकांतली मराठी बोटांपेक्षा जिभेवर जास्त जिवंत असावी.

यानंतर चाचणी. वेळ अंगठ्याने घ्यायची नाही, हे मुलाने पहिल्यापासून ठरवले होते. दोन्ही टोकांना जुवाच्या उंचीवर लेझरचा एकेक किरण. समोर प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्यात प्रकाश ओळखणारा संवेदक. पहिला किरण तुटला की घड्याळ सुरू, दुसरा तुटला की बंद. बैलांऐवजी सायकल. पहिल्या आठ-दहा फेऱ्या उत्तम झाल्या. धावत असताना शेवटचा आकडा इतक्या वेगाने बदलतो की डोळ्यांना तेथे सतत एक फिकट आठ दिसतो. सायकल रेषा ओलांडते आणि त्या आठातून एकदम खरा आकडा बाहेर येतो. आम्ही दोघे लहान मुलांसारखे तेच पाहत राहिलो.

मग सूर्य कलला आणि घड्याळ थांबेना. सायकल रेषेपलीकडे जाऊन उभी राहिली, तरी फळ्यावर वीस, एकवीस, बावीस सेकंद चालूच. कारण साधे होते. नळीचे तोंड पश्चिमेला होते आणि मावळते ऊन थेट आत शिरत होते. किरण तुटला तरी संवेदकाला उजेड दिसतच होता. नळी लांब केली, आतून काळी केली, तोंड उत्तरेला फिरवले, आणि अडचण मिटली. पण मला त्या पाच मिनिटांनी अस्वस्थ केले. खोटा आकडाही तितकाच मोठा, तितकाच लाल, तितकाच ठाम दिसत होता. सायकल डोळ्यांसमोर उभी होती म्हणून तो खोटा आहे हे कळले, एवढेच.

त्या संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती करण्यासाठीच कदाचित मी या उद्योगात गुंतले होते. कॉलेजच्या क्रीडा विभागातून बॅटरीवरचे स्टॉपवॉच आणले, रेषेपाशी बाबा उभे राहत तसे उभे राहिले, आणि मुलाने सायकलच्या फेऱ्या मारायच्या, मी अंगठ्याने वेळ घ्यायची, फळा आपली वेळ घेणार, असे ठरवले. सुरुवातीला दूरवरची झेंडी खाली येताना पाहून कळ दाबायची, शेवटी समोरची रेषा पाहून. मी जीव तोडून अचूक दाबत होते. माझा आकडा फळ्याच्या आकड्यापेक्षा कधी दहा पॉइंट जास्त येई, कधी पंधरा कमी. डोळ्यांनी पाहिलेले अंगठ्यापर्यंत पोहोचायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. हा उशीर दोन्ही वेळा नेमका सारखा झाला, तर तो वजा होऊन जाईल. पण तो सारखा होत नाही. कोणाचाच होत नाही.

म्हणजे सात पॉइंटांचा निवाडा कोणताही अंगठा देऊ शकत नव्हता. बाबांचा नाही, आरोप करणाऱ्याचा नाही, माझाही नाही. घड्याळ शंभर भाग दाखवत होते म्हणून तेवढे भाग मोजले जात आहेत, असे सर्वांनी धरून चालले होते; बाबांनीसुद्धा. जुने चावीचे घड्याळ सेकंदाचे पाचच भाग दाखवत होते, कारण अंगठ्याची धाव साधारण तेवढीच असते. ते घड्याळ माणसाच्या मापाचे होते. बाबा खोटे नव्हते. त्यांना न झेपणारे काम दिले गेले होते. पंचवीस वर्षांनी, धानाच्या रिकाम्या बांधीत, एका विद्यार्थ्याच्या सायकलीमुळे मला हा पुरावा मिळाला. तो ज्यांना दाखवायचा ते दोघेही आता नाहीत. आरोप करणारा गृहस्थही कधीच गेला.

पट पौषातल्या थंडीत भरला. गावाचे नाव सांगत नाही. फळा लावायचा म्हणताच मंडळात कुजबूज सुरू झाली होती : घड्याळ पोराचे आणि जोडी बापाची, हे कसे चालेल? प्रश्न रास्त होता. मुलाने स्वतःच सुचवले की शून्यावर आणण्याची कळ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी. ‘घडीवाल्या गुरुजीची मुलगी’ म्हणून माझे नाव कोणीतरी घेतले. सूचना कोणाची होती ते कळले नाही. मी ट्रॅक्टरशेजारी खुर्चीवर बसले. कळ माझ्या हातात, पण आकडा माझ्यापासून वीस पावलांवर, सगळ्या गावाकडे तोंड करून. जोडी रेषेपार झाली की लाउडस्पीकरच्या आधी गर्दीच आकडा ओरडून वाचायची. आकडा पुरेसा वेळ सर्वांनी पाहिला, लिहिणाऱ्याने लिहिला, की मग मी कळ दाबायची. दिवसभरात माझ्या अंगठ्याकडे कोणी पाहिले नाही.

दुपारनंतर त्या मुलाच्या वडिलांची जोडी धावली. तोवरची सर्वांत चांगली वेळ १०.४१ होती. फिकट आठातून आकडा बाहेर आला, १०.४४. पोराच्याच घड्याळाने बाप तीन पॉइंटांनी मागे पडला. ते छकड्यावरून उतरले, फळ्याकडे पाहिले, “दहा, चव्वेचाळीस,” असे स्वतःच मोठ्याने वाचले, आणि बैल सोडायला लागले. वाद झाला नाही.

पण आकडा १०.३८ आला असता तर? फळा तोच, आकडा तेवढाच मोठा, उत्तरेकडे तोंड केलेली नळीही तीच. तरीही वाद झाला असता, असे मला वाटते. मोठा आकडा माणसाला संशयातून सोडवतो खरा. पण तो बहुधा हरणाऱ्याला सोडवतो. जिंकणाऱ्यासाठी अजून काहीतरी लागते, आणि ते रोषणाईच्या दुकानात मिळत नाही.

संध्याकाळी बक्षिसांच्या वेळी मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाले की तीन पॉइंटांचा फरक म्हणजे बैलाच्या मानेच्या एका हिसक्याएवढाही नाही. पूर्वी अशा वेळी बक्षीस विभागून देत असत. ते हसून म्हणाले, “मॅडम, पूर्वी दिसत नव्हता. आता साऱ्या गावानं पाह्यला.”

त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. फळा ट्रॅक्टरवर चढवताना मुलगा विचारत होता, पुढच्या वर्षी दशांशचिन्हानंतर तिसराही आकडा लावू का? पट्टी थोडी उरली आहे. मी त्याला म्हटले, दोन पुरेत.